असमतल फरशीवर चार फुटी टँकचा स्टँड : कामाच्या नोंदी

५ जुलै

ॲक्वेरियमचा टँक १२० × ४५ × ४५ सेंमी, काच १० मिमी, वरून उघडा, तळ सपाट. स्टँड लोखंडी, ४० × ४० मिमीच्या चौकोनी पाइपचा, सहा पायांचा. जागा भिंतीलगत, तळमजल्यावर. खोलीत दुसरीकडे एक तर थेट ऊन येतं, नाही तर प्लग पॉइंट लांब पडतो, त्यामुळे जागा बदलायचा विषय नाही. अडचण फरशीची आहे. रिकामा स्टँड ठेवून मागचा डावा कोपरा दाबला की पुढचा उजवा उचलला जातो. फरशीखाली भराव आहे आणि तो एका कोपऱ्यात बसलाय. सांध्यांतलं ग्राउट कुठे नव्याने तडकलेलं दिसत नाही, म्हणून काम हातात घेतलं. ताजी चीर दिसली असती तर स्टँडचा विचार बाजूला ठेवून आधी फरशी उकरली असती.

वजनाचा हिशेब करून घेतला. १० मिमी काच चौरस मीटरला २५ किलो भरते. तळ आणि चार बाजू मिळून दोन चौरस मीटरहून जरा जास्त, म्हणजे ५० किलो. वाळू घातल्यावर पाणी साधारण १९० लिटर. पाच सेंमी वाळूचे ४० किलो. दगड, लाकूड, फिल्टर आणि स्टँड धरला की आकडा ३५० किलोच्या आसपास जातो. पायाखाली सरकवलेली पुठ्ठ्याची घडी एवढ्या वजनाखाली टिकत नाही. त्यात पाणी सांडलं की तिचा लगदा होतो.

६ जुलै

मोजणी. पाणसळ वापरायच्या आधी तिचीच परीक्षा घेतली. टेबलावर ठेवून बुडबुडा बघायचा, मग पाणसळ टोकाकडून टोकाकडे फिरवून त्याच जागी ठेवायची. बुडबुडा दोन्ही वेळा टेबलाच्या त्याच बाजूला, तेवढाच सरकलेला असला तर पाणसळ बरोबर आणि टेबल तिरकं. बुडबुड्याने बाजू बदलली तर पाणसळच चुकीची. माझी ठीक निघाली.

लांब ॲल्युमिनियमची पट्टी फरशीवर टाकून तिच्यावर पाणसळ ठेवली, आधी लांबीत मधोमध, मग रुंदीत मधोमध. लांबीत साडेनऊ मिमी उतार उजवीकडे, रुंदीत साडेपाच मिमी उतार पुढे. एवढ्यावर पाचरी कापल्या असत्या तर स्टँड डुगडुगलाच असता, कारण मधली मोजणी कोपऱ्यांबद्दल काहीच सांगत नाही.

कोपरे मोजायला गवंड्यांची लेव्हल ट्यूब घेतली. पारदर्शक नळी, दोन्ही टोकं उघडी, आत रंग टाकलेलं पाणी. नळीत हवेचा एक बुडबुडा अडकला तरी माप खोटं येतं. म्हणून आधी दोन्ही टोकं शेजारी शेजारी धरायची, पाणी एका रेषेत आलं तरच पुढे जायचं. बुडबुडे काढण्यातच बराच वेळ गेला. नळी बादलीतून हळूहळू भरली तर ते कमी होतात.

चार कोपऱ्यांना नावं दिली : क मागचा डावा, ख मागचा उजवा, ग पुढचा डावा, घ पुढचा उजवा. क सगळ्यात उंच, म्हणून तो शून्य. बाकीचे त्याच्यापेक्षा किती खाली :

ख ७ मिमी, ग ३ मिमी, घ १५ मिमी.

इथे खरी गोष्ट कळली. फरशी नुसती उतरती असती, पण एका प्रतलात असती, तर घ हा ७ अधिक ३, म्हणजे १० मिमी खाली असता. तो १५ आहे. म्हणजे १० मिमी उतार आणि वर ५ मिमी पीळ. तपासायची सोपी रीत अशी : समोरासमोरच्या कोपऱ्यांची बेरीज करायची. क अधिक घ = १५. ख अधिक ग = १०. दोन्ही बेरजा सारख्या आल्या तर फक्त उतार. सारख्या नाही आल्या तर फरक तेवढा पीळ. पुढे प्रत्येक टप्प्यावर मी हीच बेरीज करत गेलो.

उतार आणि पीळ यांतला फरक कागदी नाही. उताराने टँकच्या एका टोकाला पाणी सेंटिमीटरभर जास्त खोल होतं. ४० सेंमीत एक सेंमी, म्हणजे त्या टोकाला तळाशी दाब अडीच टक्क्यांनी वाढला. काचेला त्याचं फारसं काही नाही, डोळ्यांना मात्र पाण्याची तिरकी रेघ सतत खुपते. पिळाचं तसं नाही. तळाची काच तीन कोपऱ्यांवर बसते, चौथा अधांतरी राहतो, आणि वजन येईल तशी काच त्या कोपऱ्याकडे वळायला बघते. काच वळत नाही. ताण जातो सिलिकॉनच्या सांध्यावर आणि काचेच्या कडेवर, आणि तो लगेच दिसतही नाही.

८ जुलै

फरशीवर नाणं वाजवून पाहिलं. घ जिथे येतो ती टाइल कोपऱ्यात बद्द वाजते, बाकी खणखणीत. खाली पोकळी आहे. त्या जागेवर एका पायाचं वजन टेकवायचं म्हणजे टाइल कधी तरी फुटणारच.

सगळा स्टँड १० सेंमी डावीकडे घ्यायचा ठरवला. तिथे घ खालचा भाग भरीव वाजतो. पण जागा हलली की सहा तारखेची सगळी मापं बाद झाली, नळी पुन्हा भरण्यापासून सुरुवात. आधी नाणं वाजवावं, मग मोजावं, हा क्रम हे काम करणाऱ्याने लक्षात ठेवावा.

नवी मापं : क ०, ख ६, ग ३, घ १३. बेरजा १३ आणि ९. पीळ ४ मिमी. मागच्या मधल्या पायाची जागा ३ मिमी खाली, पुढच्या मधल्याची ८.

१२ जुलै

पर्याय तपासले.

फरशीवर सिमेंटचा सपाट चौथरा ओतणं सगळ्यात भक्कम. पण टाइलच्या गुळगुळीत पाठीवर सिमेंट धरत नाही, टाइल काढाव्या लागतात, आणि आठवडाभर खोली वापरातून जाते. भराव अजून बसत असता तर हेच केलं असतं.

स्टँड आणि टँक यांच्यामध्ये पाचरी घालायच्या, असं पुष्कळ जण करतात. ते मुळीच करू नये. टँकच्या तळाला सलग आधार हवा, पाचर म्हणजे नेमक्या एका ठिकाणी टोचणारा आधार. वरच्या बाजूला जाड फोम टाकून उंचसखलपणा गिळवायचा हाही तसलाच उपाय. फोम प्लायवरचा खडा किंवा स्क्रूचं डोकं सामावून घेतो, ४ मिमी पीळ नाही.

पायांखाली पाचरी चालतात, पण त्या दबणाऱ्या किंवा फुगणाऱ्या नकोत, आणि सहा पायांखाली वेगवेगळ्या जाडीच्या पाचरी अर्ध्या मिमीपर्यंत जुळवणं हा वेगळाच उद्योग आहे.

म्हणून प्रत्येक पायाला खालून उंची कमीजास्त करता येणारा बोल्ट लावायचं ठरलं. नव्या स्टँडच्या मानाने खर्च किरकोळ, आणि पुढे कधी फरशी आणखी बसली तरी दुरुस्ती करता येते. माझ्या दृष्टीने दुसरं कारण जास्त मोलाचं.

१३ जुलै

फरशीला दोष देण्याआधी स्टँडही तपासायला हवा. वेल्डिंगच्या उष्णतेने फ्रेम ओढली जाते. वरच्या चौकटीच्या चारही कोपऱ्यांना क्लॅम्प लावून कर्णांवर दोन बारीक दोरे ताणून बांधले. चौकट एका प्रतलात असेल तर मध्यभागी दोरे एकमेकांना जेमतेम शिवतात. एक दोरा वर अधांतरी राहिला तर पीळ. दोऱ्यांमधली फट दिसते त्याच्या दुप्पट पीळ कोपऱ्यात असतो.

यात एक फसगत आहे. वरचा दोरा खालच्यावर दाबून बसला असेल तरी ते शिवल्यासारखेच दिसतात. म्हणून बांधणी बदलून खालचा दोरा वर घेऊन पुन्हा बघायचं. पहिल्या बांधणीत दोरे टेकलेले दिसले, दुसऱ्या बांधणीत दीड मिमी फट पडली. म्हणजे स्टँडचा स्वतःचा पीळ ३ मिमी, ख कोपरा वर.

ही तपासणी स्टँड मोकळा, तीन पायांवर उभा असतानाच करावी. वजन टाकून सहाही पाय टेकवले की फ्रेम वाकते आणि पीळ लपतो.

१९ जुलै

वेल्डरकडे काम झालं. प्रत्येक पायाच्या तळाशी ६ मिमी जाड पट्टी, तिला १३ मिमीचं भोक, भोकावर आतल्या बाजूने १२ मिमीचा नट वेल्ड. खालून बोल्ट, डोकं जमिनीकडे, आणि वर घट्ट करायला एक लॉकनट. मधल्या दोन पायांनाही तेच करायला सांगितलं, तर तो म्हणाला, "अहो, चार कोपरे लेव्हल केले की झालं, मधल्यांना कशाला बोल्ट? ते आपोआप टेकतात." आपोआप टेकत नाहीत. माझ्या फरशीवर मागचा मधला ३ मिमी वर लटकेल आणि पुढचा ८ मिमी. मधला पाय टेकला नाही तर १२० सेंमीचा पाइप भरलेल्या टँकखाली दोन-अडीच मिमी झोक खातो. तो झोक थेट टँकच्या तळाला मिळतो. हिशेब दाखवल्यावर त्याने सहाही पाय करून दिले, आणि नट वेल्ड करताना बोल्ट फिरवून ठेवला, नाही तर आटे उष्णतेने बिघडतात. ही त्याची सूचना, आणि चांगली होती.

बोल्टच्या डोक्याखाली ७५ × ७५ × ६ मिमीच्या लोखंडी पट्ट्या. डोकं सरळ टाइलवर टेकलं तर एका पायाचे ६० किलो अडीच चौरस सेंमीवर येतात. पट्टीने तेच वजन ५६ चौरस सेंमीवर पसरतं. ख खाली आणि पुढच्या मधल्या पायाखाली एक जादा पट्टी, घ खाली दोन जादा, एकमेकींना वेल्डिंगचे टाके मारून. उंचीचा मोठा भाग पट्ट्यांनी भरला की बोल्ट सगळीकडे १५ ते १८ मिमीच बाहेर राहतात. बोल्ट जास्त बाहेर आला की पाय लुळा पडतो.

पट्ट्यांखाली ५ मिमी रबर लावलं, टाइलला ओरखडे नकोत म्हणून.

२० जुलै

स्टँड जागेवर लावला. भिंतीपासून पाच सेंमी सोडले, मागून नळ्या आणि वायर जायला, आणि भिंतीवर स्टँड टेकला तर लेव्हल खोटी येते म्हणून.

१२ मिमीच्या बोल्टचे आटे पावणेदोन मिमीचे असतात, म्हणजे पूर्ण एक फेरा १.७५ मिमी, पाव फेरा अर्ध्या मिमीच्या आत. हे कळल्यावर अंदाजाने फिरवायची गरज उरली नाही. मोजायचं, भागायचं, तेवढं फिरवायचं.

क्रम : मधले दोन्ही पाय पूर्ण वर घेतले, जमिनीला लागू नयेत. मग फक्त चार कोपरे. पायांची टोकं बघायची नाहीत, वरची चौकट बघायची. लेव्हल ट्यूब चौकटीवर, चारही कोपरे. ख एक फेरा आणि तीन चतुर्थांश खाली घेतला तेव्हा स्टँडचा पीळ निघाला. उघडी फ्रेम एवढी लवचीक असते. शेवटी चारही कोपरे अर्ध्या मिमीत आले, बेरजा सारख्या, दोरे दोन्ही बांधण्यांत टेकलेले.

त्यानंतर मधले पाय. कागदाची पट्टी बोल्टखाली ठेवून बोल्ट हाताने खाली आणायचा. कागद ओढला तर जोर लागून निघतो, फाटत नाही, तिथे थांबायचं. पान्याने आवळला तर मधला पाय चौकट वर उचलतो आणि कोपरे हलके होतात. मग सहाही लॉकनट घट्ट. लॉकनट आवळताना बोल्ट सोबत फिरतो, म्हणून डोकं एका पान्यात धरून नट दुसऱ्या पान्याने आवळायचा.

२२ जुलै

काच चढवायच्या आधी वजनाची चाचणी. वर १८ मिमीचा वॉटरप्रूफ प्लाय टाकला आणि त्यावर पाण्याने भरलेले २० लिटरचे कॅन मांडले, २०० किलो. रात्रभर ठेवले.

सकाळी घ दीड मिमी खाली, ग एक मिमी, क आणि ख अर्धा. कारण रबर. सगळीकडे सारखंच दबलं असतं तर चाललं असतं, पण पुढच्या बाजूला वजन थोडं जास्त होतं आणि रबर तिथे जास्त दबलं. शिवाय रबर एका रात्रीत दबायचं थांबत नाही, हळूहळू बसत राहतं. सगळं रबर काढून टाकलं. ओरखडे आणि गंजाचा डाग टाळायला फाइलच्या कव्हरचं पातळ प्लास्टिक पट्टीच्या मापाने कापून घातलं. पुन्हा लेव्हल, पुन्हा कॅन, पुन्हा रात्र. मापं हलली नाहीत.

हेच काचेचा टँक वर असताना झालं असतं तर पाणी काढून सगळं उतरवावं लागलं असतं. रिकाम्या स्टँडवर आधी कॅन ठेवायचा खटाटोप कोणीही टाळू नये.

२६ जुलै

प्लायला कडेने आणि खालून तेल रंगाचे दोन हात. त्यावर ५ मिमी फोम, एका तुकड्यात, जोड नाही. सपाट तळाच्या, बिनचौकटीच्या टँकला फोम लागतो. ज्या टँकला खालून प्लास्टिकची चौकट असते आणि तळाची काच तिच्या आत वर उचललेली असते, त्याला फोम घालू नये. फोम मधल्या काचेला वर दाबतो. तिथे चौकट थेट प्लायवर बसू द्यायची.

टँक दोघांनी उचलून ठेवला. फोम घालण्याआधी प्लायवरून तळहात फिरवला. एक स्क्रू पाऊण मिमी वर होता, तो आत घेतला.

२७ जुलै

चाचणीचं पाणी, वाळू न घालता. टँक स्वतःच आता सगळ्यात चांगली पाणसळ आहे. चारही उभ्या कडांजवळ कागदी चिकटपट्टी लावली आणि पाव टँक भरून पाण्याच्या रेषेवर पेन्सिलीने खूण केली. काचेजवळ पाणी थोडं वर चढतं, म्हणून डोळा पाण्याच्या पातळीत आणून चारही ठिकाणी खालचीच रेघ धरली. काचेची कापणी थोडी इकडेतिकडे असू शकते, त्यामुळे पहिली खूण शून्य धरायची आणि पुढच्या प्रत्येक टप्प्यावर कोपऱ्यांत किती फरक पडला ते बघायचं.

अर्धा टँक : ख आणि घ एक एक मिमी खाली गेले. बेरजा १ आणि १. नुसता उतार, सोडून दिला. रात्रभर तसाच.

२८ जुलै

पूर्ण भरला, २०० लिटरच्या थोडं वर. संध्याकाळी मापं : क ०, ख १, ग ०, घ अडीच. बेरजा अडीच आणि एक. दीड मिमी पीळ, नव्याने आलेला.

घ ची पट्टी तपासली. एका बाजूने ब्लेडचं पातं पट्टीखाली सहज आत गेलं, दुसऱ्या बाजूने टेकवताच अडलं. स्टँड डावीकडे सरकवल्यामुळे ही पट्टी दोन टाइलच्या सांध्यावर आली आहे, आणि एक टाइल शेजारच्या टाइलपेक्षा एक-दीड मिमी वर आहे. २०० किलोला पट्टी तिरकी झाली नव्हती, आज एकूण २५० च्या पुढे गेल्यावर ती खालच्या टाइलकडे कलली.

भरलेल्या टँकखाली पाना लावायचा नाही, पाव फेराही नाही. एका कोपऱ्याला खालून उचललं की तो सगळा पीळ त्या क्षणी काचेत जातो. आधी सगळं पाणी काढलं.

२९ जुलै

टँक दोघांनी उतरवला. घ खालच्या तिन्ही पट्ट्या काढून त्यांच्या जागी ५० × ५० च्या घातल्या, तेवढ्याच जाडीच्या, आणि त्या पूर्णपणे एकाच टाइलवर बसतील अशा ठेवल्या. क्षेत्रफळ २५ चौरस सेंमी, दाब चौरस सेंमीला अडीच किलोच्या आत, टाइलला तो काहीच नाही. बाकीच्या पाच पायांखाली पातं फिरवून पाहिलं, सगळीकडे अडलं. चौकट पुन्हा लेव्हल केली. फरशीवर मापं घेतानाच पायाची जागा सांध्यावर येते का ते बघून खडूने खूण केली असती तर हा सगळा दिवस वाचला असता.

३१ जुलै

पुन्हा पाव, अर्धा, पूर्ण, मधे एक रात्र. शेवटची मापं : क ०, ख १, ग अर्धा, घ दीड. बेरजा दीड आणि दीड. उतार दीड मिमी, पीळ शून्य. दीड मिमी उतार काढायला पुन्हा पाणी उपसण्यात अर्थ नाही. वरच्या काठाला काळी पट्टी लावली की पाण्याची रेघ दिसतही नाही.

३ ऑगस्ट

वाळू, दगड, लाकूड. जड दगड मधल्या पायांच्या रेषेत ठेवले, उजव्या कोपऱ्यात नाही, कारण शेजारची पोकळ टाइल तिकडेच आहे. खुणा पुन्हा तपासल्या, बेरजा सारख्याच.

३० ऑगस्ट

मापं ३ ऑगस्टपासून हललेली नाहीत. घ जवळच्या ग्राउटला चीर नाही, बद्द टाइल तेवढीच बद्द वाजते, आवाजाचा घेर वाढलेला नाही.

चिकटपट्टीवरच्या खुणा पाणी लागून पुसट झाल्या होत्या, म्हणून काचेवर बाहेरून कायमच्या मार्करने नव्या केल्या. पाणी बदललं की त्याच खुणांपर्यंत भरायचं, म्हणजे दर वेळी मोजणी आपोआप होते.

खालची फट झाकायला लाकडी पट्टी लावली, पण स्क्रूने नाही, चुंबकाने. बोल्टपर्यंत पाना पोचायला हवा. १९ मिमीचे दोन पाने स्टँडच्या आत दोरीने बांधून ठेवलेत.